तात्पर्य न सांगणारे सर

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच दिवशी मधल्या सुट्टीआधी तिसरी ब चा वर्ग सरांकडून काढून घेण्यात आला. कारण एक उंदीर होता. त्यानंतरच्या मे अखेरीस सर निवृत्त होणार होते. वर्ग परत मिळाला नाही, तर एवढ्या वर्षांच्या नोकरीचा शेवट पोषण आहाराच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी होणार, हे शाळेत सर्वांना त्या दिवशीच कळले. सरांनाही कळले. त्यांनी खडू खिशात घातला आणि ते कोठीकडे गेले.

शाळा सोलापुरात भवानी पेठेत आहे. खासगी संस्थेची, मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी. मुलांच्या घरी मराठी कमी बोलली जाते. बहुतेकांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी. मी चौथीला शिकवते. त्याआधी काही वर्षे एका स्थानिक दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करत होते. सर तिसरीला शिकवत. म्हणजे दर जूनमध्ये त्यांनी तयार केलेली मुले माझ्या वर्गात येऊन बसत. पुढच्या मजकुरात जो वैताग आहे तो तिथून आलेला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

सरांची पद्धत एका वाक्यात सांगता येते. प्राण्यांची एक जुनी गोष्ट घ्यायची आणि ती संपेपर्यंत सगळे विषय त्याच गोष्टीतून शिकवायचे. गणित त्यातूनच, परिसर अभ्यास त्यातूनच, चित्रकला आणि कवायतही त्यातूनच. गोष्ट कधी संपणार ते कोणालाही माहीत नसे. शिक्षकाला दुसऱ्या दिवशी काय शिकवणार त्याचे टाचण काढावे लागते. एका वर्षी श्रावणापासून गणपतीपर्यंत सरांच्या टाचणात रोज एकच नोंद होती : ‘कावळा (चालू)’.

मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या ते टाचण घेऊन स्टाफरूममध्ये आल्या.

“सर, हा कावळा अजून किती दिवस चालणार?”

“पाणी वर येईपर्यंत.”

“अहो, ते गोष्टीत येतंच की वर!”

“गोष्टीत येतं. वर्गात येईना.”

हे खरे होते. सरांनी कुंभाराकडून मडकी आणली होती आणि मुलांना खडे गोळा करायला लावले होते. मडक्यात तळाशी थोडेसेच पाणी असेल तर कितीही खडे टाकले तरी ते काठापर्यंत येत नाही. खड्यांमधल्या फटीत बसून राहते. पाणी आधीच बऱ्यापैकी असेल तरच गोष्ट जमते. सरांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होते, असा माझा अंदाज आहे. त्यांनी ते सांगितले नाही. मुलांनी मडक्यामागून मडके भरून पाहिले. शाळेत पाहून झाल्यावर घरी पाहायला सुरुवात केली. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. जे येते ते साठवून पुरवावे लागते. मुले त्या साठवलेल्या पाण्यात खडे टाकत होती.

एक आई कडेवर धाकटे मूल घेऊन वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. मी शेजारच्या वर्गात होते, त्यामुळे संभाषण पूर्ण ऐकू आले.

“ओ सर, प्यायचं पाणी हाय ते! दगडं कशाला घालायला लावताव त्यात?”

“कावळ्यानं घातले होते.”

“कावळ्याला भांडी घासायची नसत्यात की!”

 सर वर्गाकडे वळून म्हणाले, “हे कोणी लिहून घेतलं का?”

त्या वर्षीची मुले पुढच्या जूनमध्ये माझ्याकडे आली. पाण्याचे महत्त्व शिकवताना मी ओघात तहानलेल्या कावळ्याचे नाव घेतले. एक हात वर आला.

“बाई, मडक्यात आधी किती पाणी होतं?”

मी म्हटले, गोष्टीत तसे दिलेले नाही.

“मग गोष्ट खरी का खोटी कसं कळणार?”

त्यावर दुसरा म्हणाला, कावळा बारीक वाळू टाकत असेल तर? तिसरी म्हणाली, वाळू चोचीत बसत नाही. तास संपला. पाण्याचे महत्त्व राहून गेले. असे वर्षात अनेकदा होत असे आणि माझा अभ्यासक्रम दरवर्षी मागे पडत असे. सरांना हे सांगितले तर ते म्हणत, “घाई कशाची आहे, बाई?” मला परीक्षेची घाई असे. ती त्यांना दिसत नसे.

दिसायला ते साधे होते. बुटके, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात खडू, त्यामुळे खिसा कायम पांढरा. पायात चपला. ते वर्गात फळ्यापाशी उभे राहत नसत. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभे राहत आणि तिथून बोलत. त्यांची खुर्ची मडकी, टोपल्या आणि मुलांनी आणलेल्या पिसांनी भरलेली असे. बाहेरून पाहणाऱ्याला वर्गात शिक्षक नाही असे वाटे. एकदा तपासणीला आलेले अधिकारी दारात थांबले आणि म्हणाले, “शिक्षक रजेवर आहेत का?” सर हजर होते. ते बाकांच्या मधल्या जागेत पालथे पडले होते. मगर झाले होते. पाठीवर माकड झालेला एक मुलगा बसला होता आणि बाकीचा वर्ग मगरीची लांबी पट्टीने मोजत होता.

अधिकाऱ्यांनी त्यांना उठायला सांगितले. सर म्हणाले, “एक मिनिट. शेपटीचं माप राहिलंय.”

ससा आणि कासवाच्या वेळी त्यांनी मैदानावर शर्यत लावली. सशाला अर्ध्या वाटेवर कडुलिंबाखाली झोपायला सांगितले. बाकीच्यांनी कासवाचा वेग काढायचा होता. वेग काढता काढता शाळा सुटली. मुले घरी गेली, सरही गेले. ससा झालेला मुलगा खरोखरच झोपला होता. फाटक लावताना शिपायाला तो सापडला. हे मी पाहिलेले नाही, शिपायाने सांगितले. सरांना विचारले तेव्हा त्यांनी ते नाकारले नाही. “म्हणजे ससा झोपू शकतो,” एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागून आले. तिथे चहा घेतला, आणि मुलाच्या आजोबांना विचारले की कासव कधी झोपते. आजोबांना माहीत नव्हते. मुलाच्या आईने मला नंतर विचारले, “बाई, ते माफी मागाया आलते का परीक्षा घ्यायला?”

सरांच्या पत्नी एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भेटल्या. मी सहज सरांचा विषय काढला. त्या म्हणाल्या, “घरी पण असंच. भाजी कशी झालीय विचारलं की म्हणतात, तुला काय वाटतं? मला काय वाटायचंय? मीच केली ना!”

‘तुला काय वाटतं’ हे घरी. शाळेत त्यांचे शब्द दोनच होते : बघ की. मुलगा विचारी, सर, शेळी सिंहाला घाबरवू शकते का? सर म्हणत, बघ की. मुलगी विचारी, कोल्ह्याला द्राक्षं आवडतात का? बघ की. हे ते टाळण्यासाठी म्हणत नसत. त्यांना तेवढेच म्हणायचे असे. द्राक्षांच्या वेळी दोन मुले खरोखर द्राक्षे घेऊन एका मळ्याच्या बांधावर जाऊन बसली होती. कोल्हा आला नाही. द्राक्षे त्यांनी खाल्ली.

आणि ते तात्पर्य सांगत नसत. एवढेच नव्हे, तात्पर्य वर्गात येऊही देत नसत. वाचनाच्या पुस्तकात जिथे गोष्टीखाली तात्पर्य छापलेले असे, तिथे ते जूनमध्ये बसून प्रत्येक मुलाच्या पुस्तकात कागदाची पट्टी चिकटवत. मोठ्या बाईंनी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “तात्पर्य वाचलं की मुलं गोष्ट विसरतात.”

एका वर्षी सहामाही परीक्षेत मराठीच्या पेपरात प्रश्न होता : गोष्टीचे तात्पर्य लिहा. गुण दोन. तिसरी ब चे पेपर तपासायला माझ्याकडे होते. पहिल्या पेपरात उत्तर होते, ‘अजून ठरलेलं नाही.’ मला वाटले, खोडी आहे. दुसऱ्यातही तेच. सगळ्या गठ्ठ्यात तेच. काही मुलांनी त्याखाली रेघही ओढली होती. मी सर्वांना शून्य दिले.

सर पेपर पाहून माझ्या टेबलापाशी आले.

“बाई, उत्तर बरोबर आहे.”

“सर, हे उत्तर नाही.”

“आमच्या वर्गात खरंच ठरलं नव्हतं. मुलांनी खोटं लिहायचं होतं का?”

“तात्पर्य छापलेलं असतं, सर. ते ठरवायचं नसतं.”

“कोणी ठरवलं?”

मी त्यांना जायला सांगितले. गुण बदलले नाहीत. सरांच्या वर्गाचे निकाल एकूण इतर तुकड्यांइतकेच लागत, एखाद्या वर्षी थोडे कमी. त्यांच्या पद्धतीने मुले हुशार होत होती असा पुरावा माझ्याकडे नाही. मुले प्रश्न विचारत होती, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी सिंह आणि उंदराची गोष्ट घेतली. फळ्यावर उंदराची नावे लिहिली, मुलांच्या घरी जी होती ती सगळी : उंदीर, एलुक, इली, चूहा. मग गणितात उंदराचे वजन आणि सिंहाचे वजन, परिसर अभ्यासात दात, चित्रकलेत जाळे. गोष्ट त्यांनी एका ठिकाणी आणून थांबवली. सिंहाच्या पंजाखाली उंदीर सापडला आहे, उंदीर म्हणतो, मला सोड, कधीतरी मी तुझ्या उपयोगी पडेन. सिंह हसतो आणि त्याला सोडून देतो. इथे सुट्टी लागली. पुढचे दिवाळीनंतर, असे सरांनी सांगितले. ज्यांना पुढचे माहीत होते त्यांना ते सांगायला बंदी होती.

वर्गात एक मुलगी होती. शांत, दुसऱ्या बाकावर बसणारी. तिच्या वडिलांचे घरामागच्या शेडमध्ये टॉवेलचे माग आहेत. तिने सरांना विचारले की सोडलेला उंदीर खरेच परत येऊन मदत करतो का. सर काय म्हणाले ते मी लिहायची गरज नाही. वर्गातल्या सगळ्या मुलांनी नंतर तेच सांगितले आणि सरांनीही ते मान्य केले.

ज्या घरात माग असतो त्या घरात उंदराला जागा नसते. सूत कुरतडले की माल गेला. त्यामुळे शेडमध्ये कायम पिंजरा लावलेला असतो. सापडलेल्या उंदराची विल्हेवाट सकाळी लावली जाते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, कामगार गावी गेलेले, माग बंद, घरातले सगळे पूजेत असताना मुलीने शेडमध्ये जाऊन पिंजऱ्याचे दार उघडले. ती त्याला काय म्हणाली हेही तिने घरी सांगितले : मी तुला सोडले आहे, विसरू नको. शेड भाऊबीज होऊन गेल्यावर उघडली. मागावर नुकताच चढवलेला नवा बीम होता, म्हणजे उभ्या धाग्यांचा भरलेला मोठा रूळ. त्याच्या एका बाजूचे धागे थरामागून थर कातरलेले होते.

वडील शाळा उघडली त्या दिवशी आले ते तुटलेल्या धाग्यांचा झुपका मुठीत घेऊनच. मोठ्या बाईंच्या खोलीत सर होते, मीही होते. त्यांनी झुपका टेबलावर टाकला.

“गुरुजी, हे बघा. तुमची गोष्ट.”

मोठ्या बाईंनी त्यांना बसायला सांगितले. ते बसले नाहीत.

“मी पोरीला मारलं नाही. मारून काय करू? ती म्हंती, सरांनी बघ म्हटलं. तुमी शिकलेली माणसं. उंदीर सोडायचा नसतो, एवढं सांगायला काय होतं ओ तुमाला? एक वाक्य. आमच्या घरी काय चालतं ते तुमाला ठाऊक नव्हतं का? अख्ख्या पेठेला ठाऊक हाय.”

या क्षणी सरांनी माफी मागायला हवी होती. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी झुपका उचलला, डोळ्यांजवळ नेला, वास घेतला. मग एक धागा जिभेला लावला.

“खळ आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“सुताला खळ लावलेली आहे. पिठाची. म्हणून कुरतडलं त्यानं. पण सिंहाच्या जाळ्याला खळ कुठे होती? मग ते त्यानं का कुरतडलं?”

 वडिलांनी मोठ्या बाईंकडे पाहिले. “बघितलंव का, बाई?” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. म्हणाले की त्यांची मुलगी आणि भावाची दोन मुले उद्यापासून येणार नाहीत, आणि गल्लीतल्या बाकीच्यांनाही ते सांगतील. मुले कमी झाली की तुकडी बंद होते. तिसरी ब आधीच कशीबशी टिकून होती.

“सर, तुम्ही बाहेर थांबा,” मोठ्या बाई म्हणाल्या.

सर बाहेर गेले. दारातून परत वळून म्हणाले, “एकच उंदीर होता कशावरून?” मोठ्या बाईंनी दार लावून घेतले. पुढच्या तासाला संस्थेच्या सचिवांशी फोनवर बोलणे झाले आणि वर्ग काढून घेण्यात आला. तिसरी ब ची मुले माझ्या चौथीच्या खोलीत आणून बसवली गेली. दोन वर्ग, एक फळा. सिंह आणि उंदराची गोष्ट घ्यायची नाही, असे मला सांगण्यात आले. मी ती घेणारच नव्हते. वडिलांनी तिन्ही मुले तूर्त शाळेत ठेवली.

सर कोठीत काम करू लागले. तांदूळ, डाळ, तेल यांची ने-आण आणि खिचडी वेळेवर होते की नाही ते पाहणे. दुपारी ते माझ्या खिडकीबाहेर येऊन उभे राहत. मुले माना वळवत. मी त्यांना दोनदा जायला सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारले, “बाई, कोणी विचारलं का, सिंह जाळ्यात कसा सापडला?”

“नाही विचारलं.”

“अजून विचारतील.”

“सर, तुमची नोकरी संपायला काही महिने राहिलेत. त्या गृहस्थांना जाऊन भेटा.”

ते भेटले. हे मला मुलीच्या वडिलांकडूनच समजले. सर आठवडाभर रोज संध्याकाळी शेडमध्ये जात आणि तुटलेले धागे जोडायला बसत. पहिल्या दिवशी वडिलांनी त्यांच्याशी बोलणे टाळले. नंतर शिकवले. सर गाठी मारत, त्या जाड होत. जाड गाठ मागाच्या फणीतून, म्हणजे धागे ओवलेल्या दात्यांमधून, पुढे सरकत नाही आणि धागा पुन्हा तुटतो. शेवटी वडील म्हणाले, “गुरुजी, तुमी दहा जोडता, त्यातले आठ मलाच परत जोडावे लागत्यात. जावा घरी.” त्यावर सरांनी विचारले की गाठ बारीक कशी येते. वडील म्हणाले, “बघा की,” आणि मग, हे सांगताना ते पहिल्यांदा थोडे हसले, “आता कळलं का कसं वाटतं ते?”

डिसेंबरच्या मध्यावर मुलीचे वडील पुन्हा शाळेत आले. सरांनाही बोलावले होते. वडिलांनी वर्ग परत द्यायला हरकत नाही असे सांगितले. त्यांची अट एकच होती.

“वर्ग काढा असं मी म्हटलंच नव्हतं. सांगा म्हटलं होतं. गोष्ट सांगा, लई चांगली सांगताव, पोरगी घरी येऊन आमाला सांगती. पण शेवटाला काय बरं, काय वाईट, ते तुमी सांगा. ती आठ वर्षांची हाय. तिला एकटीला ठरवायला लावू नका.”

मोठ्या बाईंनी सरांना विचारले की त्यांना हे मान्य आहे का. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य फळ्यावर लिहायचे, पुस्तकात असेल तसे. पहिल्या पाठाला मी बसायचे आणि अहवाल द्यायचा.

मला वाटले होते की ते वाद घालतील. कोणी ठरवले, असे विचारतील.

“मान्य आहे,” सर म्हणाले. “प्रयोग माझा होता. सूत यांचं गेलं.”

वडील जाताना सरांच्या पाया पडले. सर मागे सरकले.

पाठ शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला ठेवला होता. तिसरी ब आपल्या जुन्या खोलीत गेली. मुलांना घरून बजावून पाठवले होते, असे एका आईने मला सांगितले : सरांना उगाच प्रश्न विचारायचे नाहीत, नाहीतर त्यांना परत काढतील. बाकीच्या घरी काय सांगितले गेले ते मला माहीत नाही.

मी मागच्या बाकावर बसले. मागची भिंत मोकळी होती. सर फळ्यापाशी उभे राहिले. त्यांना तिथे उभे असलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी गोष्ट जिथे सोडली होती तिथून उचलली. शिकाऱ्यांनी जाळे लावले, सिंह त्यात अडकला, ओरडला. उंदराने ओळखला तो आवाज. तो आला, जाळे कुरतडले, सिंह सुटला. सांगायला काही मिनिटेच लागली. ते गोष्ट खरोखर चांगली सांगत. सिंहाच्या ओरडण्याला पुढच्या बाकावरची मुले दचकली.

मग त्यांनी फळ्यावर लिहिले : तात्पर्य – दुर्बळावर केलेले उपकार वाया जात नाहीत.

मुलांनी वह्यांत उतरवून घेतले. सरांनी खडू हातातच ठेवला. ते वर्गाकडे पाहत उभे राहिले. मी हातांची वाट पाहत होते. कारण वर्गात एक मुलगी अशी होती जिने एका दुर्बळावर उपकार केले होते आणि त्याचे काय झाले ते सगळ्या वर्गाला ठाऊक होते.

“कोणाला काही विचारायचंय?”

कोणी हात वर केला नाही.

“जाळ्याबद्दल? दोराबद्दल?”

नाही.

सर दुसऱ्या बाकाजवळ गेले. “तुला?”

मुलगी उभी राहिली. “नाही सर.”

“काहीच नाही?”

“तुम्ही सांगितलंच की,” ती म्हणाली, आणि खाली बसली.

तास संपला. मी अहवालात लिहिले की पाठ पूर्ण झाला, तात्पर्य फळ्यावर लिहिण्यात आले, वर्ग शांत होता. मोठ्या बाईंनी त्यावर सही केली आणि मुलीच्या वडिलांना फोन करून तसे कळवले.

शाळा सुटल्यावर सर मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि त्यांनी वर्ग नको असल्याचे सांगितले. मोठ्या बाईंनी कारण विचारले. त्यांनी दिले नाही. सोमवारी तिसरी ब पुन्हा माझ्या खोलीत आली. मे अखेरीस निवृत्त होईपर्यंत सरांनी कोणताही वर्ग घेतला नाही.